विश्वामित्रीवर पंगत कशाला?

अमदावादला काही नवे झाले की बडोद्यालाही ते हवे होते. साबरमतीच्या काठी रिव्हरफ्रंट झाला, तेव्हा विश्वामित्रीच्या काठी रिव्हरफ्रंटचे नकाशे निघाले. जुलै २०२३ मध्ये साबरमतीत दोन मजली क्रूझ उतरली. एका वेळी दीडशेहून अधिक माणसे बसतील एवढी मोठी. बुफे, गाणी, दिवे, सगळे काही. तेव्हापासून ओळखीतली माणसे लग्नाचा वाढदिवस साजरा करायला एक्सप्रेस-वेने अमदावादला जाऊन येतात, आणि परत आली की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: आपल्याकडे ऐन शहरातून नदी वाहते, मग पाण्यावर बसून जेवायला शंभर किलोमीटर कशाला जायचे?

तक्रार रास्त वाटते. तरीही विश्वामित्रीवर डिनर क्रूझ होऊ नये असे माझे मत आहे, आणि मौजेशी माझे काही वैर नाही. संध्याकाळी पाण्यावर जाण्यात सुख असते. पणजीला मांडवीवर तासाभराची फेरी ज्यांनी केली आहे त्यांना ते ठाऊक आहे. वरच्या डेकवर देखणी आणि फुगडी चाललेली असते, निवेदक जोडप्यांना नाचायला बोलावत असतो, कुणाची तरी आजी नातवाचा हात घट्ट धरून बसलेली असते, आणि एवढ्या गोंगाटातही खाडीवरून येणारा वारा अंगाला लागतो. गावातल्या माणसांनी असे सुख मागितले तर त्यांना नाक मुरडण्याचा अधिकार कुणालाच नाही. शिवाय आपल्याकडे दारूबंदी. मांडवीवरच्या कॅसिनोंची कळा आपल्या बोटीला येण्याची भीती नव्हती. फार तर पनीर टिक्का, जैन पावभाजी आणि गरब्याचे रीमिक्स. तेवढे सोसता आले असते.

माझी हरकत वेगळी आहे. जगात जेवणाच्या बोटी जिथे नीट चालतात त्या नद्या कोणत्या, ते पाहा. लंडनची थेम्स, पॅरिसची सीन, बँकॉकची चाओ फ्राया, कोलकात्याची हुगळी, पणजीची मांडवी. या सगळ्या आधी रस्ते होत्या. त्यांच्या पाण्यावरून तांदूळ, कोळसा, ताग, लोहखनिज गेले. चाओ फ्रायावर आजही नोकरदार बोटीने कामाला जातात, हुगळीवर लोक हावड्याला उतरून फेरी पकडतात, मांडवीवर पणजी-बेती फेरीबोट चालते. जेवणाची बोट तिथे शेवटी आली, जुन्या जलवाहतुकीच्या मागून. धक्के आधीच होते, खलाशी होते, भरती-ओहोटी कळणारी माणसे होती, बोट बुडाली तर कोण धावेल हे ठरलेले होते. आणि एवढे असूनही ऑगस्ट १९८९ मध्ये थेम्सवर मार्शनेस ही पार्टीची बोट मध्यरात्रीनंतर एका ड्रेजरच्या, म्हणजे तळाचा गाळ-वाळू उपसणाऱ्या जहाजाच्या, धडकेने बुडाली आणि ५१ जण गेले. मे २०१९ मध्ये बुडापेस्टला डॅन्यूबवर पर्यटकांच्या लहान बोटीला मोठ्या क्रूझने धडक दिली, ती काही सेकंदांत तळाला गेली.

विश्वामित्री रस्ता कधीच नव्हती. पावागडच्या डोंगरातून निघायचे, वळसे घेत बडोद्यात यायचे, पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जायचे, एवढाच तिचा प्रवास. पात्र अरुंद, काठ उंच आणि मातीचे, दोन्ही बाजूंना कोतरे, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळी. उन्हाळ्यात पाणी इतके उतरते की जे वाहते त्यातला मोठा वाटा शहराच्या सांडपाण्याचाच असतो. आज जिथे अकोटा आहे तिथे अंकोट्टक नावाचे प्राचीन नगर होते, आणि नदीच्या पुरांना कंटाळून वस्ती पूर्वेकडच्या उंच भागाकडे सरकली, असे शहराचा इतिहास सांगणारे मानतात. म्हणजे या गावाचा नदीशी पहिला करारच मुळी थोडे अंतर राखण्याचा होता.

साबरमतीचा दाखला सगळे देतात, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहू. अमदावादच्या मध्यभागी जे भरलेले, संथ, रुंद पाणी दिसते ते साबरमतीचे फारसे नाही. १९७६ साली बांधलेल्या वासणा बराजने, म्हणजे दारे असलेल्या बंधाऱ्याने, ते मागे अडवून धरले आहे आणि त्यात भर पडते ती गांधीनगरजवळ नर्मदेच्या मुख्य कालव्यातून सोडलेल्या पाण्याची. दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घालून पात्राची रुंदी सारखी करून घेतली आहे. काठावरच्या हजारो झोपड्या त्या कामात उठल्या. २०२५ च्या मे महिन्यात बराजच्या दारांची दुरुस्ती करायची होती, तर पाणी सोडून नदी रिकामी केली आणि कोरड्या पात्रात लोकांना उतरवून कचरा काढला. जी नदी दारे उघडून रिकामी करता येते आणि कालवा सोडून पुन्हा भरता येते, तिला आपल्या घरातले शब्द लावायचे तर हौद म्हणावे लागेल. क्रूझ त्या हौदात फिरते. वाईट फिरते असे मी म्हणत नाही. पण ‘नदीवरची क्रूझ’ म्हणून तिचा नमुना पुढे करणाऱ्यांनी बराजच्या खाली उतरून एकदा पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात रायसण ते वौठा या साबरमतीच्या पट्ट्यातला बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला २९२ मिलिग्रॅमपर्यंत नोंदवला होता, आणि देशातल्या दूषित नदीपट्ट्यांत तो वरून दुसरा होता. आंघोळीच्या पाण्याला हा आकडा ३ च्या आत असावा लागतो. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने साबरमतीच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली होती. शहराच्या आरशात नदी चकचकीत दिसावी आणि खालच्या गावांच्या वाट्याला तिचे खरे पाणी यावे, अशी ती व्यवस्था आहे.

आता हाच हौद बडोद्यात करायचा म्हटले तर काय काय लागेल? कुठेतरी बंधारा घालून पाणी अडवावे लागेल, कारण बोटीला बारा महिने खोली हवी. काठ सरळ करावे लागतील, वळणे कापावी लागतील, कोतरे बुजवून भिंती घालाव्या लागतील. नर्मदेचे पाणी आणावे लागेल, आणि ज्या राज्यात शेतीला पाणी कमी पडले की ओरड होते तिथे ते बुफेसाठी आणावे लागेल.

यातला बंधाऱ्याचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. पावसाळ्यात बडोद्याच्या घराघरांत पाण्याच्या पातळीच्या दोन आकड्यांवर लक्ष असते, आजवा सरोवराच्या आणि काळा घोडा पुलाजवळच्या नदीच्या. आजवा सरोवर तिसऱ्या सयाजीरावांनी शहराला पाणी पाजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधले. त्याला ६२ दारे. आजवा २११ फुटांवर गेला, २१२ झाला, २१३ झाला की व्हॉट्सॲपवर घालमेल सुरू होते, कारण तिथून सुटलेले पाणी काही तासांत काळा घोडा पुलाखाली येते. त्यात शहराच्या पोटातून येणारे कांस मिळतात: भूखी, मसिया, रूपारेल. बाहेरच्या वाचकांना सांगायचे तर कांस म्हणजे पावसाचे पाणी नदीकडे नेणारे जुने नैसर्गिक ओढे. आता त्यांच्यावर कुठे स्लॅब आहे, कुठे पार्किंग, कुठे सोसायटीची कंपाउंडची भिंत.

ऑगस्ट २०२४ मध्ये हे सगळे एकदम जागे झाले. काळा घोड्याजवळ नदी ३५ फुटांच्याही वर गेली. समा, फतेगंज, अकोटा, वडसर पाण्यात. तळमजल्यावरचे फ्रिज, गाद्या, दुकानांतला माल, शाळांची दप्तरे, बेसमेंटमधल्या गाड्या, सगळे गेले. वीज गेली, दूध नाही, प्यायला पाणी नाही. मदतीला लष्कर आले, एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या. बडोदेकरांना बोटीतून शहर पाहायचे होते ना, त्या आठवड्यात पुष्कळांनी पाहिले, आणि जेवणाची पाकिटेही बोटीतूनच आली.

त्यानंतर सरकारने सुमारे बाराशे कोटींची योजना जाहीर केली आणि २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी विश्वामित्रीतला गाळ उपसून पात्र मोकळे करण्याचे काम घाईघाईने झाले. त्या कामाच्या पद्धतीवर मतभेद आहेत आणि असायलाच हवेत. काठाची झाडे किती गेली, मगरींची बिळे किती गेली, हे विचारणारे लोक शहाणे आहेत. पण उद्देश तरी सरळ होता: पावसाचे पाणी शहरातून लवकर निघून जावे. क्रूझला नेमके उलटे हवे. तिला पाणी शहरात थांबायला हवे. बंधाऱ्याला दारे ठेवू, पावसाळ्यात उघडू, असे कोणी सांगेल. कागदावर ते बरोबर आहे. मात्र ज्या गावात आजव्याची दारे किती उघडली आणि कधी उघडली यावरून दर पुरानंतर वाद होतो, त्या गावाच्या मधोमध आणखी एक दारांची रांग उभी करावी, तीही जेवणासाठी, हे मला पटत नाही.

नदीत आणखी कोणीतरी राहते, याचा उल्लेख क्रूझच्या चर्चेत हसण्यावारी होतो. “मगरींना पण बुफे!” हा विनोद मी लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे, आणि सांगणाऱ्या काकांना तो पहिल्यांदाच सुचला असे वाटत होते. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत. माणसांच्या एवढ्या दाट वस्तीला लागून एवढ्या मगरी राहतात अशी शहरे जगात फार नाहीत. हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. २०२४ च्या पुरात वनखात्याने तीन दिवसांत २४ मगरी वस्तीतून उचलल्या. अकोट्यात एक घराच्या छपरावर बसलेली साऱ्या देशाने पाहिली. तरीही शहरात मगरी मारून टाका अशी लाट उसळली नाही. गुजरातेत खोडियार मातेचे वाहन मगर, आणि गंगेचे वाहन मकर आपण लहानपणापासून चित्रांत पाहतो. श्रद्धा म्हणा, सवय म्हणा, बडोद्याने हे शेजारपण निभावले आहे. अधूनमधून माणूस जातो, गुरे जातात, तेही खरे. नदीकाठी कपडे धुणाऱ्या किंवा गुरे पाजणाऱ्या माणसाला ती भीती खरीच असते, तिची थट्टा करू नये.

मगर काठच्या मातीत बीळ करते, अंडी उन्हाळ्याच्या सुरुवातीला घालते, पिल्ले पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. भिंत घातली की बीळ संपले. दिवे आणि डीजे रात्री अकरापर्यंत चालले तर उरलेल्या मगरी बाजूला सरतील, म्हणजे वस्तीच्या आणखी जवळ येतील. बोटीवरून लोक खायला टाकणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पाटी लावा, दंड लावा, टाकणारच. मग एखादी दुर्घटना होईल आणि मागणी येईल की मगरी हलवा.

हे मी मनाने रचत नाही. केवडियाला हे होऊन गेले आहे, इथून दोन तासांवर. जानेवारी २०१९ मध्ये सरदार पटेलांच्या पुतळ्याजवळच्या तळ्यांतल्या मगरी पिंजऱ्यांत घालून हलवायला सुरुवात झाली, कारण तिथे सी-प्लेन उतरायचे होते. सी-प्लेन ३१ ऑक्टोबर २०२० ला आले, साबरमतीवरून केवडियाला. काही महिन्यांत सेवा बंद पडली. वाराणसीत घाटांसमोरच्या गंगेत कासवांचे अभयारण्य होते. जलवाहतुकीच्या आड येते म्हणून त्याची कुरकुर वर्षानुवर्षे चालली आणि शेवटी ते रद्द झाले. जनावर आधी हलते, पर्यटनाचा हिशोब नंतर होतो, आणि हिशोब चुकला तर जनावर परत आणायला कुणी जात नाही.

क्रूझच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. तो असा: आज विश्वामित्री कुणाचीच नाही. पुलावरून जाताना आपण गाडीच्या काचा वर करतो. गणपती तिच्यात सोडत नाही, महापालिकेने केलेल्या कृत्रिम तलावात सोडतो. तिचे पाणी कुणी पीत नाही, तिच्यात कुणी पोहत नाही, म्हणून तिच्यात काय जाते याची कुणाला फिकीर नाही. उद्या त्याच पाण्यावर लोक पैसे मोजून जेवायला बसले, तर वास आला की तक्रार करतील, नगरसेवकाला फोन करतील, आणि नदी साफ होईल. मध्यमवर्गाचे नाक हे सुधारणेचे मोठे साधन आहे, असा हा मुद्दा. आणि बडोद्याच्या मराठी मध्यमवर्गाचे नाक किती तिखट आहे हे शेजारच्या फ्लॅटमध्ये सुकट भाजली की कळते.

पण पॅरिसचा अनुभव याच्या विरुद्ध जातो. सीनमध्ये पोहायला १९२३ मध्ये बंदी आली. बातो मूश ही प्रसिद्ध पर्यटक-बोटींची कंपनी १९४९ पासून तिथे चालते. म्हणजे सात दशकांहून अधिक काळ, दरवर्षी लाखो पर्यटक सीनवर मेणबत्त्या लावून जेवत होते आणि खालच्या पाण्यात उतरण्याची परवानगी नव्हती. जेवणाऱ्यांनी नदी साफ केली नाही. नदी साफ व्हायला लागली ती २०२४ च्या ऑलिंपिकची तारीख ठरल्यावर, सुमारे १.४ अब्ज युरो गटारांवर, सांडपाण्याच्या केंद्रांवर आणि पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्यांवर खर्चल्यावर. ऑस्टरलिट्झ स्थानकाजवळ जमिनीखाली ५० हजार घनमीटरची टाकी बांधली, जोराच्या पावसात गटारे नदीत ओसंडू नयेत म्हणून. नदीत राहणाऱ्या बोटींना आपली गटारे शहराच्या गटारांना जोडायला लावले. जुलै २०२५ मध्ये सामान्य माणसाला पोहायला घाट उघडले. ज्याला अंग बुडवायचे असते तोच पाण्याबद्दल कडक होतो. टेबलाशी बसलेला माणूस पुलांवरचे दिवे पाहतो. वास आलाच तर मालक एसीचा बंद डेक काढतो आणि तिकीट वाढवतो.

बोटीची स्वतःची घाणही विसरू नये. दीडशे माणसांचे स्वयंपाकघर, भांडी, शौचालये, जनरेटर. २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा, ज्याने १९१७ चा ब्रिटिशकालीन कायदा बाजूला केला, यासाठी नोंदणी, तपासणी, प्रशिक्षित चालक, जीवरक्षक साधने, प्रदूषणाचे नियम असे सगळे सांगतो. कायदा चांगला आहे. बडोद्यात तो पाळून घेणार कोण, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर या शहराने दोनदा दिले आहे.

ऑगस्ट १९९३ मध्ये सुरसागरात, म्हणजे न्यायमंदिरासमोरच्या, भर शहरातल्या तळ्यात, क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली बोट उलटली आणि २२ जण बुडाले. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या मोटनाथ तळ्यात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका. बोट चौदा जणांची होती, त्यात त्याच्या दुपटीच्या आसपास माणसे होती, आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तळे महापालिकेचे, चालवायला खासगी भागीदार. दोन्ही वेळा पाणी संथ होते, किनारा हाकेवर होता, आणि मगरींचा प्रश्न नव्हता. ज्या व्यवस्थेला तळ्यातल्या बोटीत किती माणसे चढली हे मोजता आले नाही, तिच्या हाती रात्रीची, वाहत्या नदीतली, दोन मजली बोट द्यायची का? क्रूझवाले म्हणतील की आमची बोट मोठी आहे, कंपनी मोठी आहे. असेल. पण जेटीवर उभा राहून “आता बस्स, पुढच्या फेरीला या” म्हणायचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याचा पगार तिकिटांवर अवलंबून असता कामा नये. तशी रचना मला अजून कुठल्याही निविदेत दिसलेली नाही.

मग नदीकडे कुणी जायचेच नाही का? माझे म्हणणे उलट आहे. जायला हवे, पण काठाने. आपल्याकडे सयाजीबाग आहे, १८७९ साली उघडलेली, आणि विश्वामित्री तिच्या मधून वाहते. शेजारी कीर्तिमंदिर आहे, १९३६ चे, आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे. विद्यापीठाचा परिसर लागून आहे. एवढा काठ सार्वजनिक मालकीचा असताना नदी नीट दिसेल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. हिवाळ्यात सकाळी पुलावर माणसे स्कूटर लावून खाली उन्हात पडलेल्या मगरी पाहत उभी असतात आणि मागून बस हॉर्न वाजवत जाते. तिथे रस्त्यापासून बाजूला चार सज्जे काढा, कठडा मजबूत घाला, बसायला जागा करा, मगरीची माहिती मराठीत आणि गुजरातीत लावा. शाळांना आणा. संध्याकाळी सात वाजता बंद करा, कारण रात्र नदीची आहे. बाहेर सेव उसळीच्या गाड्यांना परवानगी द्या. बडोद्याला पाण्याकाठी जेवायचे असेल तर सेव उसळ आणि लिलो चेवडा यांहून आपले काय आहे? क्रूझच्या मेन्यूत तर ते येणारही नाही, तिथे ‘मल्टिक्युझिन’ असते.

आणि प्रत्येक कांस नदीला मिळतो तिथे एक फलक हवा: या महिन्यात या तोंडातून आलेल्या पाण्याचा बीओडी इतका. बाकी काही नको, एक आकडा आणि तारीख. आपण मराठी माणसे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून सभेत तीन तास भांडू शकतो. हाताशी आकडा मिळाला तर नदीवरूनही भांडू. सध्या वास येतो एवढेच म्हणता येते, आणि वासावर महापालिका ‘पाहणी करू’ म्हणते. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने विश्वामित्रीबद्दल दिलेल्या आदेशात नदीची हद्द आखा, अतिक्रमण रोखा, झाडे लावा, सांडपाणी थांबवा अशा गोष्टी सांगितल्या. पाहायला गेले तर कंटाळवाणी यादी आहे, फीत कापायला एकही जागा नाही. बहुधा म्हणूनच ती मागे पडते आणि बोट पुढे येते.

काही जण म्हणतील की नदीवर नको तर आजव्यावर करा. आजव्याचे पाणी शहर पिते. त्यावर तेल आणि भांड्यांचा साबण सोडायची कल्पना सयाजीरावांच्या काळात कुणी मांडली असती तर त्याला दरबारातून काय उत्तर मिळाले असते याचा अंदाज करायला मला आवडते. पाण्यावर जेवायचेच असेल तर केवडियाला नर्मदेवर बोट आहेच. धरणाखालची असली तरी ती निदान मोठी नदी आहे.

हे सगळे बाजूला ठेवून एखाद्याने उद्या खरोखरच प्रस्ताव आणला, बंधारा नको, भिंती नको, आहे त्या पाण्यात लहान बोट चालवतो म्हणाला, तरी मला त्याला एक साधी गोष्ट विचारायची आहे. विश्वामित्री चोवीस तासांत पंधरा-वीस फूट चढू शकते. शहरातले पूल जुने आणि बुटके आहेत. पाणी चढले की त्यांच्याखालून दोन मजली बोट जाणार नाही, आणि बाहेर काढून ठेवायला उतार नाही. दोरखंड तुटलेली तीस मीटरची बोट पुराच्या पाण्यात काळा घोडा पुलाच्या खांबांवर आदळली तर पूल बंद, आणि पूल बंद म्हणजे सयाजी हॉस्पिटलकडे येणारा अर्ध्या शहराचा रस्ता बंद, तोही ऐन पुरात. तेव्हा बोट कुठे बांधणार, ती सोडवून नेण्याचा हुकूम कोण देणार, आणि आजव्याची दारे उघडण्याच्या किती तास आधी देणार, हे निविदेच्या कोणत्या कलमात लिहिले आहे ते दाखवा. मेन्यू नंतर पाहू.